चौखूर, पण किती वेळा?

(दृश्य: बाजीराव विहिरीजवळचं गोल रिंगण. आधी फक्त आवाज. टाळ-मृदंग टिपेला जातात आणि एकदम थांबतात.)

चोपदारांनी चोप उंचावला की एवढा मोठा जनसमुदाय गप्प होतो. रिंगणाच्या कडेनं पताका घेतलेले वारकरी दाटीवाटीनं उभे असतात, आतला पट्टा मोकळा राखलेला असतो. अश्व लगेच सुटत नाहीत. आधी त्यांना धरून, पावलापावलानं रिंगण दाखवतात. माती कुठं भुसभुशीत आहे, वळण कुठं घ्यायचंय, माणसं कुठवर पुढं सरकलीत, ते जनावर बघून घेतं. मग स्वाराचा अश्व सुटतो, पाठोपाठ माउलींचा. माउलींच्या अश्वावर कुणीच बसलेलं नसतं. म्हणजे आपल्याला दिसेल असं कुणी नसतं.

दोन-तीन फेऱ्या. जयघोष. टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. संपलं.

बातम्यांत आपण एवढंच बघतो. पण हे अश्व कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातून, अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून निघतात आणि आळंदीपर्यंत चालत येतात. ती वाट 300 किलोमीटरच्या आसपास. तिथून पंढरपूर आणखी अडीचशेच्या घरात. आणि पळणं किती? चांदोबाचा लिंब, पुरंदवडे, खुडूस फाटा, ठाकूरबुवांची समाधी, बाजीराव विहीर अशा मोजक्या जागी, काही मिनिटं. बाकी सगळी वाट कदम चाल.

घोडा किती वेळा चौखूर पळवावा, असं मला कुणी विचारलं की मी आधी हा हिशेब सांगते. तो मला उशिरा कळला.

(दृश्य: तबेला. पहाट. खराऱ्याचा आवाज.)

घोडेस्वारी शिकायला लागून वर्ष झालं होतं. कॅंटर, म्हणजे दुडकी आणि चौखूर यांच्या मधली चाल, जमायला लागला होता आणि अंगात वारं भरलं होतं. शाळेतला एक तपकिरी घोडा मला मिळायचा, पळायला तयार असायचा. मग काय, शुक्रवारी पळवला, शनिवारी पळवला, रविवारी मैत्रीण बघायला आली म्हणून जरा जास्तच पळवला. शाळेत कुणी अडवलं नाही. पैसे तासाचे होते.

सोमवारी सकाळी म्हातारे सईस मामा त्याच्या पुढच्या डाव्या पायाशी उकिडवे बसलेले. मला म्हणाले, "ताई, इथं हात लावा. आता उजव्याला लावा." गुडघ्याखाली, नळीच्या मागच्या बाजूला. उजवा पाय थंड होता, पहाटेच्या लोखंडासारखा. डावा कोमट. फरक इतका बारीक की त्यांनी सांगितलं नसतं तर मी खोगीर चढवून मोकळी झाले असते. "लंगडत तर नाहीये," मी म्हटलं. मामांनी मान हलवली. "लंगडेल तेव्हा उशीर झालेला असेल."

तो घोडा महिनाभर नुसता हातात धरून फिरवला. सुदैवानं निभावलं.

(दृश्य: घोड्याच्या पुढच्या पायाचा जवळून घेतलेला शॉट.)

हा पाय नीट बघा. गुडघ्याच्या खाली मांस जवळपास नाहीच. हाड, त्याच्या मागे दोरखंडासारख्या कंडरा आणि खाली खूर. तबेल्यात कंडरा कुणी म्हणत नाही, सगळे टेंडनच म्हणतात. हे टेंडन स्प्रिंगसारखं काम करतं. टाप पडली की ताणलं जातं, टाप उचलली की आखडतं आणि पाय पुढं फेकला जातो. साडेचारशे-पाचशे किलोचं धूड भरधाव असताना एका क्षणी एकाच पायावर असतं आणि त्या पायावर घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार येतो.

स्प्रिंग ताणली-सोडली की तापते. टेंडनही तापतं. चौखूर पळणाऱ्या घोड्याच्या टेंडनच्या गाभ्यात 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापमान मोजलं गेलंय. तिथं रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे उष्णता काढून न्यायलाही कुणी नाही आणि डागडुजी करायलाही घाई नाही. बारीक-बारीक तंतू तुटतात. विश्रांती मिळाली तर बरं. नाही मिळाली तर आजचं तुटलेलं उद्याच्या तुटलेल्यात मिसळतं. मोठी इजा झाली तर भरून यायला नऊ महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त. तेही व्रण ठेवूनच.

(दृश्य: मैदान. घोडा एकामागून एक चाली बदलतो. फक्त टापांचा आवाज.)

डोळे मिटून ऐका. कदम चालीत चार ठोके, सावकाश. दुडकीत दोन. कॅंटरला तीन आणि मग एक छोटी शांतता. आणि वेग वाढला की मधला ठोका फुटून दोन होतात, पुन्हा चार. चौखूर. हा शब्द पहिल्यांदा ज्यानं वापरला त्यानं टापा मोजल्या होत्या की नाही कोण जाणे, पण बसलाय बरोबर.

या चालीत घोड्याचा श्वास त्याच्या स्वतःच्या हातात राहत नाही. एक झेप, एक श्वास. फुप्फुसं टापांना बांधलेली. त्यात घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, जी काय हवा ती नाकपुड्यांतूनच. उभं असताना मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं हृदय दोनशेच्या पुढं जातं. प्लीहा आकसते आणि राखून ठेवलेल्या लाल पेशी रक्तात सोडते. रक्त अक्षरशः घट्ट होतं. निसर्गानं ही सगळी तयारी वाघापासून पळण्यासाठी करून ठेवली. रविवारी मैत्रिणीला दाखवण्यासाठी नाही.

आणि पळून झाल्यावर? स्नायूंतली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, संपलेली असते. माणूस पोटभर जेवला की साधारण दिवसभरात ती भरून काढतो. घोड्याला दोन ते तीन दिवस लागतात. चंदी जास्त घातली म्हणून हे लवकर होत नाही. उलट पोटशूळ उठायचा. शुक्रवार, शनिवार, रविवार असं मी जे केलं, त्यात रविवारी तो घोडा रिकाम्या टाकीवर पळत होता. पळाला, कारण घोडे पळतात. घोडं तक्रार करत नाही ही त्याची खोड आहे, गुण नव्हे.

(दृश्य: पुण्याचं रेसकोर्स. उजाडायच्या आत. धुक्यातून घोडे येतात.)

ज्यांचं पोटच पळण्यावर आहे ते काय करतात? महालक्ष्मीचं रेसकोर्स 1883 पासूनचं. पावसाळ्यात शर्यती पुण्याला असतात, थंडी धरली की मुंबईला. पुण्यात कॅम्पाकडे पहाटे गेलात तर मॉर्निंग ट्रॅक दिसतो. बाहेरच्याला वाटतं, इथं रोज शर्यतच चालते. थोडा वेळ थांबून बघा. दहातले बहुतेक घोडे चालताहेत. काही दुडकीत, काही आरामात कॅंटर मारताहेत. खरोखर अंग झोकून पळणारा एखादाच, आणि तोही आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा.

त्या एकाच धावेवर डोळे आणि स्टॉपवॉच लागलेली असतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात रेसच्या पानावर ओळ येते: अमुक घोडा, 800 मीटर 53 सेकंद, शेवटचे 600 मीटर 39, सहज. शौकीन आकड्यांकडे बघतात. मला तो शेवटचा शब्द आवडतो. सहज. म्हणजे पिळून काढलेला नाही, खिशात काही शिल्लक ठेवून पळवलाय.

क्रॉसकंट्री उड्या मारणाऱ्या इव्हेंटिंगच्या घोड्यांचंही गणित असंच. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूचा फवाद मिर्झा वैयक्तिक इव्हेंटिंगमध्ये 23वा आला, तो हाच प्रकार. यात रूढ पद्धत आहे ती चौथ्या किंवा पाचव्या दिवशी गॅलप, म्हणजे चौखूर धाव. तोही तुकड्यातुकड्यांनी: काही मिनिटं धाव, मध्ये चाल, श्वास खाली येऊ द्यायचा, मग पुन्हा धाव.

आता कुणी म्हणेल, मग पळवूच नये की. जोखीमच नको. हेही चुकलं.

हाड ही मेलेली वस्तू नाही. जेवढा भार, तेवढं ते स्वतःला घडवतं. तरुण शर्यतीच्या घोड्यांच्या नळीची पुढची बाजू दुखून येते, हा जुना आजार. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा पिच्छा पुरवला तेव्हा कळलं की नुसता लांबच लांब संथ कॅंटर देऊन नळी वेगासाठी तयार होत नाही. वेगाचा भार वेगळ्या कोनातून येतो. म्हणून लहान वयात, थोड्या अंतराची, पण खरी वेगवान धाव अधूनमधून हवी. थोड्या अंतराची हे महत्त्वाचं. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाडं आणि टेंडन मागाहून, महिन्यांच्या हिशेबानं. फसगत इथंच होते: घोड्याचा दम वाढलेला दिसतो, स्वाराला वाटतं गडी तयार झाला, आणि पाय अजून वाटेतच असतात.

(दृश्य: माथेरानची लाल मातीची वाट. पर्यटक, घोडेवाले.)

तुमच्या-माझ्यासारख्या हौशी स्वारांसाठी मग उत्तर काय? माझं सांगते, आणि ते थोडं कंजूष आहे. आधी दीड-दोन महिने कदम, दुडकी, कॅंटर. त्यानंतर आठवड्यातून एकदा, सपाट आणि मऊ जमिनीवर, दोन-चारशे मीटर. आठवडा चुकला तर चुकू द्यावा, पुढच्या आठवड्यात दुप्पट करून भरपाई करू नये. डांबरावर कधीच नाही. माथेरानसारख्या दगडगोट्यांच्या उतारावरही नाही. तिथं घोडेवाल्याला "भैया, जरा पळवा ना" म्हणणारे आपल्यातलेच असतात. एप्रिल-मेच्या दुपारी नाही: जोरात काम करणारा घोडा तासाला दहा लिटरहून जास्त घाम गाळू शकतो आणि त्या घामातून मीठही जातं.

आणखी एक, जे पुस्तकापेक्षा सईस आधी सांगतो. तबेल्याकडे तोंड करून धाव घेऊ नये. दरवेळी त्याच झाडापासून सुरू करू नये. चार वेळा केलंत की पाचव्या वेळी ते झाड आल्यावर घोडा तुम्हाला विचारत नाही.

आपल्याकडच्या चौकाचौकांत घोडा पुढचे दोन्ही पाय उचलून उभा असतो, चित्रांत तो कायम वाऱ्यावर. मुलुखगिरीवर निघालेलं भीमथडी तट्टू मात्र बहुतेक वेळ चालत किंवा दुडकत असणार, पाठीवर स्वार, खोगिराला अडकवलेला तोबरा आणि पुढं मैलोन्‌मैल वाट. त्या चालीचा पुतळा कोण उभारणार?

(दृश्य: पुन्हा तबेला. पहाट. शनिवार.)

मामा आता थकलेत, तरी तबेल्यात येतात. धावेच्या दिवशी त्यांचं पहिलं काम खोगीर काढणं नसतं. ते आधी गव्हाणीत डोकावतात. रात्रीची चंदी शिल्लक असेल तर त्या दिवशी धाव नाही, कारण विचारायचं नाही. मग चारही पायांवरून हात. वरून खाली, सावकाश, डोळे दुसरीकडेच. मग घोड्याला हातात धरून वीसेक पावलं, तीही कडक जमिनीवर, कान टापांकडे.

आज गव्हाण चाटूनपुसून साफ आहे. डावा पाय उजव्याइतकाच थंड आहे. मामांनी तंग एका भोकानं आवळला, मी रिकिबीत पाय घातला.

"दोनशे मीटर," ते म्हणाले. "त्या बाभळीपासनं नाही. अलीकडनं."