पाटो: दलदलीवर उभी राहिलेली पणजीची कचेरीनगरी

पणजीत रस्त्याने शिरणारा माणूस म्हापशाकडून मांडवीचे पूल ओलांडून येवो, फोंड्याहून जुन्या गोव्यामार्गे येवो की मडगावहून, शहर दिसण्याआधी त्याला पाटो दिसते. दिवजा सर्कलचा वळसा, कदंब बसस्थानकाची गजबज आणि तिच्या पाठीमागे दाटीने उभ्या असलेल्या इमारती: आयकर भवन, जीएसटी भवन, पर्यटन भवन, श्रमशक्ती भवन. सरकारी कचेरीला 'भवन' म्हटल्याशिवाय गोव्यातही कोणाचे समाधान होत नाही. त्यांच्याच रांगेत धेंपो ट्रेड सेंटर, कामत टॉवर्स, खाण व्यवसायातून उभे राहिलेले सेसा घर, विमा कंपन्या, बँका आणि कामासाठी येणाऱ्यांची हॉटेले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जेमतेम चाळीस हजार वस्तीच्या या राजधानीने आपला कारभार इतक्या लहानशा तुकड्यात एकवटला आहे, हे पाहुण्याच्या चटकन लक्षात येत नाही.

आज जिथे वाहने उभी करायला जागा मिळत नाही, तिथे एके काळी घर बांधायलाही कोणी धजावले नसते. ओरे खाडी मांडवीला मिळते त्या मुखालगतची ही पट्टी दलदलीची आणि मिठागरांची होती. व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याच्या कारकिर्दीत, १६३३-३४ च्या सुमारास, पणजीला रायबंदराशी जोडणारा जांभ्या दगडाचा लांबलचक पूल याच पाणथळीतून बांधला गेला. तीन किलोमीटरांहून अधिक लांबीच्या त्या बांधकामावरून आजही वाहतूक चालते आणि रायबंदराकडे जाताना रस्त्याच्या कडेला मिठागरे दिसतात. त्या वेळी पणजी राजधानी नव्हती. तो मान तिला १८४३ साली मिळाला. त्यानंतरही शहर वाढले ते खाडीच्या पश्चिमेला, फोंताइन्हास, मळा आणि आल्तिनोच्या टेकडीच्या अंगाने. पूर्वेकडचा काठ बराच काळ मोकळाच राहिला.

तो काठ बांधकामाखाली आणण्याचे काम गोवा सरकारच्या आर्थिक विकास महामंडळाने केले. १९७५ साली स्थापन झालेले हे महामंडळ, ज्याला सगळे ईडीसी म्हणतात, मुळात उद्योगांना कर्ज देणारी संस्था. पण जमिनीवर भराव घालून, रस्ते आखून आणि भूखंड पाडून तिने इथे पाटो प्लाझा वसवला. म्हणजेच ही एका वास्तुरचनाकाराने एका नकाशावर रेखाटलेली वसाहत नव्हे. प्रत्येक भूखंडधारकाने आपापल्या गरजेनुसार आणि ऐपतीनुसार इमारत बांधली, त्यामुळे दोन शेजारी इमारतींचे जोते, तोंड आणि आवारभिंत यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. पायी चालणाऱ्याला ते प्रत्येक कोपऱ्यावर जाणवते.

जमिनीचा मूळ स्वभावही भरावाखाली पूर्णपणे दडपला गेलेला नाही. गोव्यातील खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या सखल जमिनींच्या, शेतीत बांध आणि मानस (पाणी सोडण्याची झडप) यांची जोडी असे: भरतीचे खारे पाणी बांध अडवी, आणि ओहोटीला मानसाची दारे उघडून आतले पाणी नदीत सोडले जाई. पाणी कधी आत घ्यायचे आणि कधी बाहेर काढायचे, याचे वेळापत्रक गावकऱ्यांना तोंडपाठ असे. शहराच्या गटारांना तसे वेळापत्रक नसते. पावसाचा जोर आणि भरतीची वेळ एकत्र आली की खाडीची पातळी चढते, गटारांचे पाणी उतरायला वाट राहत नाही आणि मळ्यासारख्या सखल भागात ते रस्त्यावर येते. म्हणून खाडीकाठच्या खारफुटीला केवळ शोभेची हिरवळ समजणे चुकीचे आहे. गाळ धरून ठेवण्याचे आणि पाण्याचा वेग मोडण्याचे काम ती बिनपगारी करते. तिच्यातून पर्यटकांसाठी एक पायवाटही बांधण्यात आली.

कार्यालये आणि बाजार एकत्र नांदवण्याची कल्पना पणजीला नवी नाही. १८ जून रस्त्यावरील जुंता हाऊसमध्ये खाली दुकाने आणि वर सरकारी खाती, असा संसार कित्येक दशके चालला. तिथे कामाला आलेला माणूस उतरताना छत्री दुरुस्त करून घेई, चहा पिई, घरच्यांसाठी काही विकत घेऊन जाई. पाटोने कार्यालये भरपूर घेतली, हॉटेलेही घेतली. बाजार मात्र हात आखडूनच घेतला. तळमजले बहुतेक वाहनतळांना, बँकांना आणि स्वागतकक्षांना गेले. त्यामुळे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा इथे पाय ठेवायला जागा नसते आणि सातनंतर हॉटेलातील पाहुण्याला जेवायला खाडी ओलांडून फोंताइन्हासकडे जावे लागते. आमच्या मते ही उणीव इमारतींच्या उंचीची वा दर्जाची नसून तळमजल्यांच्या वापराची आहे.

कचेरीच्या वेळापत्रकात न बसणारी एक वास्तू मात्र इथे आहे. १८३२ साली सुरू झालेले आणि आता सोळाव्या शतकातील लेखक कृष्णदास शामा यांचे नाव धारण करणारे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय संस्कृती भवनात आले, आणि मराठी, कोंकणी, पोर्तुगीज व इंग्रजी ग्रंथांसह शोधकांची व स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांची वर्दळही सोबत घेऊन आले. याच परिसरात १९९६ मध्ये उघडलेल्या राज्य संग्रहालयाच्या वाट्याला असे स्थैर्य आले नाही. इमारत जीर्ण झाल्याने त्याला मांडवीकाठच्या जुन्या सचिवालयात जावे लागले. शनिवारी-रविवारी आयकर भवनाचे फाटक बंद असते, पण ग्रंथालयाचे वाचक येतच असतात. चहाची टपरी, झेरॉक्सचे दुकान, पुस्तकांचे एखादे दालन आणि साधी खानावळ यांना हमखास गिऱ्हाईक मिळेल अशी पाटोतील जागा तीच आहे, आणि मोकळ्या होणाऱ्या तळमजल्यांचे पुढचे करार करताना महामंडळाने व मालकांनी सुरुवात तिथूनच करायला हवी.