निम्म्या किमतीतला वेग

मे महिन्यातली पहाट आहे. दिवसा पारा ४० अंशांच्या वर जाणाऱ्या सोलापुरात गाडी चालवण्याचे सुख हवे असेल, तर सूर्य उगवण्याआधीच बाहेर पडावे लागते. सात रस्ता अजून मोकळा आहे, टपरीवरच्या चहाला पहिली उकळी येत आहे, आणि विजापूर रस्त्याने शहराबाहेर निघालेली ही बुटकी, रुंद चाकांची लाल गाडी माझी आहे. तीन वर्षांपूर्वी मी ती पुण्यातून ४ लाख १० हजार रुपयांना घेतली. तेवढ्या पैशांत आज नवी, अगदी साधी छोटी गाडीच येते. एवढी वेगवान गाडी इतक्या स्वस्तात का मिळाली, याचे उत्तर मला घेतल्यानंतर मिळाले. ते घेण्याआधीच आपल्याला मिळावे, यासाठी हे निवेदन आहे.

भारतात सामान्य माणसाच्या आवाक्यात येतील अशा वेगवान गाड्या फार थोड्या झाल्या. २०१३ मध्ये फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय आली, तिच्या १.२ लिटरच्या टर्बो (म्हणजे जादा हवा आत ढकलून ताकद वाढवणाऱ्या) इंजिनाची ताकद १०५ अश्वशक्ती होती. २०१५ मध्ये फियाटने अबार्थ पुंटो आणली. तिची ताकद १४५ अश्वशक्ती, दिल्लीतली शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार, आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ८.८ सेकंदांत गाठल्याचा कंपनीचा दावा. दहा लाखांच्या आत असे काही मिळेल, असे तोवर कोणाला वाटले नव्हते. पुढे फियाटच्या गाड्या भारतात बंद झाल्या आणि २०२२ मध्ये पोलोचेही उत्पादन थांबले. आता या गाड्या फक्त जुन्या बाजारातच भेटतात.

येथे एक हिशेब नीट समजून घ्यायला हवा. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, परंतु तिचे सुटे भाग तिच्याबरोबर स्वस्त होत नाहीत. उलट उत्पादन थांबले की ते दुर्मीळ होतात आणि महाग पडतात. दहा लाखांची गाडी चार लाखांना घेणारा माणूस पुढची सगळी वर्षे दहा लाखांच्याच गाडीचा खर्च उचलत असतो. माझ्या पहिल्या वर्षात चार टायर, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा), क्लच आणि पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर यांवर मिळून दीड लाखाहून थोडे अधिक पैसे गेले. यांपैकी एकही काम अपघाताने निघालेले नव्हते. प्रत्येक काम वयोमानाने येणारच होते, आणि कदाचित ते येणार म्हणूनच आधीच्या मालकाने गाडी विकली असावी. मला त्याचा राग नाही. मी विचारायला हवे होते, ते मी विचारले नाही.

सोलापूरचा उन्हाळा हा या खर्चातला वेगळा आकडा आहे. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूवर फिरणारे एक छोटे चक्र. ते मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकते, आणि त्याला सांभाळून धरतो तो तेलाचा पातळसा थर. तेल जुने झाले, कमी पडले किंवा भरधाव गाडी थांबवून लगेच बंद केली, तर ते तेल आतल्या आत जळून कोळशासारखे चिकटते. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयसारख्या गाड्यांत सात गिअरची, कोरड्या क्लचची स्वयंचलित पेटी असते. ती मोकळ्या रस्त्यावर अतिशय सुरेख चालते. मात्र जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत गर्दीतून इंच-इंच सरकावे लागले, की क्लच सतत घासत राहतो आणि तापतो. तीच गर्दी मे महिन्यात असती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

माझ्या गाडीने मला दगा दिला तो टेंभुर्णीच्या पुढे, दुपारी दोनच्या उन्हात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक झालेला प्लॅस्टिकचा एक जोड तडकला, कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, रस्त्यावर सांडले आणि तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकू लागला. मी तत्काळ इंजिन बंद केले, म्हणून हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाचले. आणखी दोन किलोमीटर रेटली असती, तर इंजिन उघडावे लागले असते. हाताच्या पंजाएवढा तो भाग सोलापुरात मिळाला नाही. पुण्याहूनही तो लगेच आला नाही, आणि १९ दिवस गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली. पुणे आपल्यापासून सुमारे २५० किलोमीटर दूर आहे, ही गोष्ट गाडी घेताना मी फक्त पेट्रोलच्या हिशेबात धरली होती.

म्हणून गाडी निवडताना तिच्या ताकदीच्या आधी तिचे कुळ पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. जिचा सांगाडा एखाद्या खपाच्या, साध्या गाडीचा आहे, अशी वेगवान गाडी घ्यावी. पोलो जीटीचे दरवाजे, काचा, दिवे साध्या पोलोशी मिळतेजुळते असतात आणि साध्या पोलो आजही रस्त्यावर पुष्कळ आहेत. जिचे सगळेच निराळे, अशी बाहेरून आणलेली दोन आसनांची गाडी कितीही स्वस्त असली, तरी ती जिल्ह्याच्या गावी सांभाळणे फार कठीण आहे.

अक्कलकोट रस्त्यावरच्या ज्या मिस्त्रींनी माझी गाडी पुन्हा उभी केली, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांचे सांगणे असे : “गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं, तर उद्या सकाळी येतो म्हणायचं आणि निघायचं.” थंड इंजिन चालू होताना जे बोलते, ते गरम इंजिन लपवते. पहिल्या क्षणी टायमिंग चेनचा (काही गाड्यांत बेल्टऐवजी असलेल्या साखळीचा) खडखडाट येतो का, निळसर धूर निघतो का, हे तेव्हाच कळते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे; दाट पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट आत शिरते आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर बोलणी तिथेच थांबवावीत. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, त्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मीटरवर ३० हजार किलोमीटर आणि गाडीच्या जन्मापासून तिसरा टायरसंच, असा मेळ बसत नसेल, तर मीटरवर विश्वास ठेवू नये. बॉनेट आणि दरवाज्यांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असल्या, तर त्या का आहेत हे विचारावे. अपघात लपवण्यासाठी केलेले पेंटिंग बहुधा तिथेच उघडे पडते.

कागदपत्रांबाबत थोडक्यात, पण काटेकोरपणे सांगायला हवे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नाव बदलण्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओकडे नोंद करायची असते. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे १० वर्षांपुढच्या डिझेल आणि १५ वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. परंतु एनओसी आणि इथला वाहनकर धरला, की ती स्वस्ताई बरीच आटते.

इतके सगळे सोसून मी ही गाडी का ठेवली, असे घरी आईने विचारले होते. तेव्हा मला नीट सांगता आले नाही. या रस्त्यावर मात्र ते सांगता येते. तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की क्षणभर काहीच होत नाही, मग टर्बोची बारीक शीळ ऐकू येते आणि पाठ सीटला टेकते. वळणावर स्टिअरिंग रस्त्याचा खडबडीतपणा बोटांपर्यंत पोहोचवते. हे सुख मिळवण्यासाठी वेगमर्यादा ओलांडावी लागत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वळणातही ते पुरेपूर मिळते, आणि नव्या गाडीत ते मला परवडले नसते.

टाकळीजवळ भीमेचा पूल लागतो आणि येथून मी परत फिरतो, कारण उन्हे तापायच्या आत घर गाठायचे असते. गाडी बाजूला घेतली, की इंजिन एक मिनिट तसेच चालू ठेवतो, म्हणजे टर्बो निवतो. मग बॉनेट उघडून तो बदललेला जोड पाहतो. आज तो कोरडा आहे.