सोळा इंच आणि एक फॉर्म

अमेरिकेत घरासाठी आखूड रायफल घ्यायची तर आधी ही काठी बघा. साधी लाकडी काठी आहे, हार्डवेअरच्या दुकानात मिळते तशी. रायफल रिकामी आहे, मॅगझिन काढलेलं, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, दोनदा तपासलंय, ती मागून बंद करणारा बोल्ट बंद आहे. आता काठी बॅरलच्या, म्हणजे नळीच्या, तोंडातून हळूच आत सोडायची, बोल्टला टेकली की तोंडापाशी पेन्सिलने खूण करायची, बाहेर काढून मोजायची टेप लावायची. अमेरिकेत रायफलची बॅरल अशीच मोजतात. पुढे नुसतं आट्यांवर बसवलेलं काही असेल तर ते मोजायचं नाही, कायमचं वेल्ड केलेलं असेल तर मोजायचं.

16 इंच भरलं तर ही साधी रायफल. एक सूत कमी भरलं तर तीच वस्तू शॉर्ट बॅरल रायफल झाली, लोक एसबीआर म्हणतात, आणि नोंदणी नसेल तर 10 वर्षांपर्यंत तुरुंग होऊ शकतो. बॅरल बरोबर आहे पण अख्खी रायफल 26 इंचापेक्षा आखूड आहे, तरी तेच.

हे आलं कुठून? 1934 सालातून. दारूबंदीच्या काळातल्या टोळ्या, 1929 मध्ये शिकागोत व्हॅलेंटाईन डेला 7 जणांना भिंतीपाशी उभं करून मारलं ते हत्याकांड, हे सगळं ताजं होतं आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सहीने ठरावीक बंदुकांवर टॅक्स आणि नोंदणी लावणारा नॅशनल फायरआर्म्स अॅक्ट आला. मूळ मसुद्यात पिस्तुलंसुद्धा होती, आणि मग कुणी रायफल कापून कोटाखाली लपवू नये म्हणून आखूड रायफलही घेतल्या होत्या, पुढे विरोध झाला तशी पिस्तुलं वगळली पण आखूड रायफल तिथेच राहून गेली. म्हणजे ज्या कारणासाठी ती घातली ते कारण गेलं, कलम राहिलं. मला हे आजही पटत नाही, पण कायदा आहे तोवर तो पाळायचा, यात माझं दुमत नाही.

तेव्हा टॅक्स ठेवला 200 डॉलर, जवळपास थॉमसन मशीनगनच्या किमतीएवढा, म्हणजे सामान्य माणसाने नादच सोडावा असा. तो आकडा पुढे 90 वर्षं हलला नाही. 2025 च्या जुलैमध्ये नवा कायदा झाला आणि 1 जानेवारी 2026 पासून एसबीआरवरचा टॅक्स शून्य. आणि इथेच लोक गफलत करतात, टॅक्स गेला म्हणजे सगळं मोकळं झालं असं धरून चालतात. नाही हो! टॅक्स शून्य झालाय, नोंदणी तशीच आहे. तयार एसबीआर घ्यायची तर सरकारकडे फॉर्म 4 भरायचा, स्वतः बनवायची तर फॉर्म 1, बोटांचे ठसे, फोटो, एक प्रत स्थानिक पोलीसप्रमुखांना, आणि मंजुरी हातात यायच्या आधी आखूड बॅरल रायफलला लावायची नाही म्हणजे नाही.

आयडाहोमधल्या रूबी रिजचं नाव ऐकलं असेल. 1989 मध्ये रँडी वीव्हर यांनी दोन कापलेल्या, म्हणजे याच कायद्यात येणाऱ्या आखूड नळीच्या, शॉटगन विकल्या, घेणारा सरकारचा खबऱ्या निघाला. 1992 च्या ऑगस्टमध्ये डोंगरावरच्या त्या घराला वेढा पडला आणि त्यात त्यांचा 14 वर्षांचा मुलगा गेला, बायको गेली, एक मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचा पोलीस अधिकारी, गेला. पुढच्या वर्षी ज्युरीने शॉटगनच्या आरोपातून त्यांना सोडलं. पण गेलेली तीन माणसं गेलीच.

आपल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगतो. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असाल तर बंदूक बाळगायलाच साधारणपणे बंदी आहे, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद आहेत, पण मित्राच्या सांगण्यावरून त्यात शिरू नका, आधी वकील गाठा, कारण इथे चूक झाली तर व्हिसा पण जातो. ग्रीन कार्ड असेल तर घेता येते. आणि न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, जिथे आपली बरीच मंडळी राहतात, तिथे सामान्य माणसाला एसबीआर मिळतच नाही. टेक्सासमध्ये मिळते, पण तिथली घेऊन दुसऱ्या राज्यात जायचं तर आधी परवानगी काढावी लागते.

आता निवड. घरात आखूड रायफल का, तर हा पॅसेज बघा, बेडरूमच्या दारातून वळताना 16 इंची नळी चौकटीला लागते. पण नळी कमी केली की फुकट काही मिळत नाही. 5.56 मिलिमीटरची गोळी वेगावर चालते, साडेदहा इंचात तो वेग बराच पडतो, आवाज आणि ज्वाळा मात्र वाढतात, बंद खोलीत एक बार सुद्धा कान कायमचे खराब करू शकतो. थ्री हंड्रेड ब्लॅकआउट हे दुसरं काडतूस आखूड नळीसाठीच बनलंय, 9 इंचाच्या आसपास त्यातली बंदुकीची दारू पुरती जळते. पण त्याचं मॅगझिन 5.56 चंच, आणि चुकून ती गोळी 5.56 च्या रायफलमध्ये बसून उडाली तर रायफल हातात फुटते. दोन्ही एका घरात ठेवूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि भिंती. अमेरिकेतली भिंत म्हणजे लाकडी सांगाडा आणि दोन बाजूंनी जिप्समचा बोर्ड, आपल्याकडच्या विटांसारखी नाही. गोळी आरपार जाते. म्हणून कॅलिबर, म्हणजे गोळीचं माप, ठरवायच्या आधी पलीकडे कुणाचा पलंग आहे ते बघा.

डॅलसजवळच्या ज्या घरात आम्ही हे शूट केलं तिथल्या दादांनी आधी फॉर्म एकट्याच्या नावाने भरायला घेतला होता. वहिनींनी विचारलं, तुम्ही ऑफिसच्या टूरवर असता तेव्हा मी काय करायचं? प्रश्न बरोबर होता, कारण एकट्याच्या नावावर असेल तर ते नसताना तिजोरीची किल्ली वहिनींकडे असणं हाच गुन्हा ठरू शकतो. मग दोघांनी ट्रस्ट केला, म्हणजे रायफल एकट्याच्या नाही तर दोघांच्या ट्रस्टच्या नावावर घेतली, दोघांचे ठसे गेले, दोघांचे फोटो गेले. मंजुरीचा कागद तिजोरीच्या दाराला आतून चिकटवलाय, शेजारी दोन इअरमफ टांगलेत, आणि मुलांना माहीत नसलेला नंबर फक्त या दोघांना पाठ आहे.