तीर्थस्वरूपातला 'स्व'

(पडद्यावर: लोखंडी तार, तिच्यात ओवलेली पोस्टकार्डं)

छत्रीची काडी वाटते ना? ही पत्रांची तार आहे. वर आकडा, खाली लाकडी चकती. आलेलं पत्र वाचून झालं की मधोमध भोसकायचं आणि तारेत सरकवायचं. आमच्या माळ्यावर पाण्याची टाकी चढवताना प्लंबरला सापडली. "दीदी, ये कबाड़ फेंक दूँ?" मी नको म्हटलं. का म्हटलं, कोण जाणे. तोवर मीही कबाडच समजत होते.

तारेचा गुण असा की पत्रांचा क्रम बिघडत नाही. सगळ्यांत जुनं तळाशी. सत्तेचाळीस कार्डं निघाली, शिवाय एक अर्धं, बाकीचं कसरीनं खाल्लेलं.

(लष्करातली गल्ली, सकाळ)

आमचं घर ग्वाल्हेरला, लष्करात. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ छावणी टाकली, छावणीचं शहर झालं, पण नाव लष्करच राहिलं. जवळच चिटणीस की गोठ आहे. चिटणीस म्हणजे पत्रं लिहिणारा. गोठ म्हणजे आपला गोट, शत्रूच्या गोटातला. आणि मधला 'की' हिंदी. आम्हा ग्वाल्हेरकरांची मराठीही साधारण अशीच असते, हसू नका.

(कार्ड जवळून)

सगळी कार्डं वाईहून आलेली, पत्ता मधली आळी. अक्षर बाळबोध, लहान मुलाचं, ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या. बऱ्याच ठिकाणी तारीख पुसली आहे, पण तळाच्या कार्डांवर पाव आणा छापलाय आणि वरच्यांवर अर्धा. कार्डाचा दर 1922 साली दुप्पट झाला होता. म्हणजे हा मुलगा त्याच्या जरा आधी लिहायला लागला.

पण कोण मुलगा? आजोबा धरून तीन भाऊ, असंच आम्ही ऐकत आलो होतो. आणि पहिल्या कार्डाचा मायना बघा: 'तीर्थरूप बाबांचे सेवेशी बालकाचे कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.'

शाळेत पत्रलेखनाला हे मायने पाठ करताना कंटाळा यायचा. खरं तर अख्खी वंशावळ त्यांत असते. जन्मदात्यांना तीर्थरूप. काका, मामा, इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. धाकट्यांना चिरंजीव. गं. भा. दिसलं की त्या बाईचा नवरा गेलेला. या मुलानं माझ्या पणजोबांना तीर्थरूप लिहिलंय. म्हणजे तो त्यांचा मुलगा.

आता हे सातवं कार्ड. 'तीर्थ' आणि 'रूप' यांच्या मध्ये, ओळीच्या वर, हंसपद देऊन एक 'स्व' घातलाय. तीर्थस्वरूप. हा 'स्व' मुलाच्या हातचा नाही. जाड टाकाचा, सराईत, मोठ्या माणसाचा आहे. 'बाबांचे'वर काट मारून 'काकांचे' केलंय, तेही त्याच हातानं.

आठव्या कार्डावर मात्र मुलानं स्वतःच तीर्थस्वरूप काका लिहिलंय. खाडाखोड नाही.

आत्याला फोन केला. तिनं अठ्ठ्याऐंशी पार केलीत. "अगं, ते वाईचे काका. भाऊबंदांत मूल नव्हतं, म्हणून दत्तक गेले. लपवलं कुणी नव्हतं गं, पण विषयही कुणी काढत नसे." दत्तविधान झालं की मुलाचा बाप बदलतो. जन्म दिलेला बाप, भाऊबंदच असला, तर काका होतो.

वाईचे काका पुढे कधी वारले, ते तारेवरून कळणं शक्य नव्हतं. मरणाचं पत्र दाराबाहेरच वाचून फाडायचं, घरात घ्यायचं नाही, ही रीत. त्यामुळे जुन्या कागदांत बारशी आणि लग्नं सापडतात, मरणं गळालेली असतात.

(नाशिक, रामकुंड)

वाईच्या पत्त्यावर आता तीन मजली इमारत आहे, आणि तिथे कुणाला काही ठाऊक नव्हतं. मग नाशिक गाठलं. तीर्थोपाध्यांच्या वह्या आडनाव आणि मूळ गाव यांवर लावलेल्या असतात, आणि घरातला जो कुणी क्रियाकर्माला येतो तो आपल्या हातानं लेख लिहून जातो. गुरुजींनी अर्ध्या तासात पान काढलं. शाईचे लेख, मग बॉलपेनचे, आणि शेवटच्या लेखाखाली चक्क मोबाइल नंबर. वाईच्या काकांच्या नातवाचा. राहतात साताऱ्यात.

(सातारा, जेवणाचं टेबल)

वयानं ते माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. नात्यानं मी त्यांची चुलत बहीण, म्हणून मी दादा म्हणाले. वहिनींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत ग्वाल्हेरची कार्डं! इंग्रज राजाच्या चेहऱ्याच्या छापावर देवनागरीत संस्थानाचं नाव ठोकलेलं. पणजोबांची उत्तरं. मोडीत आहेत, म्हणून त्या घरात दोन पिढ्या ती कुणी वाचलीच नव्हती.

मोडीचे वर्ग मी केलेत, पण वेग बेताचाच. मोडीत आधी आडवी रेघ ओढायची, मग अक्षरं तिला टांगायची, टाक शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. पहिला शब्द लागला, चिरंजीव. दुसऱ्या कार्डावर चिरंजीव. शेवटच्यावरही चिरंजीव. मुलाला चिरंजीव लिहितात आणि पुतण्यालाही. पणजोबांना काही खोडावं लागलं नव्हतं.

त्या दुपारी आम्ही टेबलावर दोन्हीकडची कार्डं तारखेनं लावत बसलो. एक वाईचं, एक ग्वाल्हेरचं. आमच्या तारेवरच्या तिसऱ्या कार्डात मुलानं विचारलंय, मनीला पिल्लं झाली का, किती झाली. साताऱ्याच्या डब्यातलं त्याचं उत्तर मी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं.

'मनीस तीन जाहली. एक पांढरे आहे. ते कोणास दिले नाही.'