भाकरी शिकताना

मित्रहो, 'नवीन काहीतरी करून बघा' असं सांगणारे बहुतेक वेळा लांबचं काही सुचवतात. हिमालयात ट्रेकला जा, गिटार शिका, जर्मनचा क्लास लावा. त्यात वाईट काहीच नाही. मी मात्र आज घरातल्याच एका कामाबद्दल बोलणार आहे. मी सोलापुरात रसायनशास्त्र शिकवतो, आणि पन्नाशी उलटल्यावर भाकरी करायला शिकलो.

सोलापूरकरांना ज्वारीची ओळख करून द्यायला नको. आपल्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा आमच्या कॉलेजातही कार्यक्रम झाला. त्यात मी ज्वारीतल्या पोषणद्रव्यांवर बोललो. बोलता बोलता मनात आलं, या धान्याची भाकरी एकदा आपल्या हातांनी थापून बघावी.

शिकवलं आईनं. तिनं मापं काही सांगितली नाहीत. "पाण्याला आधण येऊ दे, मग पिठात ओत," एवढंच. या एका वाक्यात केवढं रसायनशास्त्र आहे! गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की त्यातल्या प्रथिनांचं लवचिक जाळं तयार होतं, त्याला आपण ग्लुटेन म्हणतो. म्हणून पोळी लाटता येते, ताणता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. मग पीठ बांधायचं कशानं? साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ज्वारीतला स्टार्च पाणी शोषून फुगतो, चिकट होतो आणि पिठाला धरून ठेवतो. दळण ताजं असेल तर कोमट पाण्यावरही भागतं, पण पीठ जुनं होऊन त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, गेली असेल, तर आधणाशिवाय भाकरीच्या कडा तडकतात. आईला हे सगळं परातीत हात घातल्याबरोबर कळतं.

थापणं मात्र कुठल्याच सूत्रात बसेना. तळव्याच्या थापेबरोबर भाकरी परातीत आपोआप फिरली पाहिजे. "दाबू नको, फिरू दे," आई पुन्हा पुन्हा म्हणायची. हे मला ऐकून समजलं होतं, हाताला समजायला बरेच दिवस लागले. मग तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी सुकायच्या आत उलटायची. सगळीकडे सारखी थापलेली असली की आतली वाफ कोंडते आणि भाकरी टम्म फुगते. ती फुगताना पाहण्याचा आनंद मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही, खरंच करून बघा.

याचा परिणाम थेट माझ्या प्रॅक्टिकलवर झाला. टायट्रेशनचं, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगाचं, समीकरण अचूक मांडणाऱ्या मुलीचा हात ब्युरेटच्या, म्हणजे थेंब सोडणाऱ्या काचेच्या नळीच्या, कॉकवर अडखळतो. शेवटचा थेंब कधी थांबवायचा हे तिला माहीत असतं, बोटांना अजून माहीत नसतं. तिला पुन्हा तेच समजावून काय होणार? आता मी तिच्या शेजारी उभा राहतो आणि तिला हवा तितका वेळ देतो.

आपल्या शहरात कितीतरी बायका भाकऱ्या करून संसार चालवतात. इथली कडक भाकरी दूरदूर जाते. त्यांच्या हातातलं हे ज्ञान आमच्या अभ्यासक्रमात कुठेही नाही, आणि मला ते मनापासून खटकतं. म्हणून यंदा भाकऱ्या करून विकणाऱ्या एका मावशींना आम्ही प्रयोगशाळेत बोलावलं. मुलांनी थर्मामीटर लावून गार, कोमट आणि उकळत्या पाण्यात पीठ भिजवलं, मावशींनी प्रत्येक गोळा थापून कुठला धरतो, कुठला तुटतो ते दाखवलं. जाता जाता त्यांनीच मुलांना विचारलं, "ताजी भाकरी मऊ असते, मग शिळी झाली की ताठ का होते रे?" गार होताना स्टार्चचं काय होतं, हा धडा पुढच्या सत्रात होता. तो आम्ही याच सत्रात आणलाय, आणि उत्तर ऐकायला मावशी पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहेत.