क्यू आला, यू कुठाय?

नमस्कार, श्रोतेहो.

स्क्रॅबल म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या सोंगट्या जुळवून पटावर शब्द लावायचा खेळ; प्रत्येक अक्षराचे गुण ठरलेले. इंग्रजीत क्यूच्या पाठोपाठ बहुधा यू लागतोच. तर खेळताना हातात क्यू यावा आणि यूचा पत्ताच नसावा, ही वेळ माझ्यावर इतक्यांदा आलीय की त्या सोंगटीकडे मी आता मुक्काम ठोकून बसलेल्या पाहुण्यासारखा बघतो. १०० सोंगट्यांत क्यू एकच, यू चार. क्यूचे गुण १०. पण डाव संपताना तो हातातच राहिला, तर आपले १० वजा आणि सोंगट्या आधी संपवलेल्या भिडूच्या खात्यात तेवढेच जमा. फटका थेट २० चा!

यावर उतारा दोनच अक्षरांचा आहे. क्यू, आय. उच्चार ‘ची’. चिनी विचारात शरीरात नि सृष्टीत वाहणारी प्राणशक्ती. अमेरिकी खेळाडूंच्या शब्दसूचीत हा शब्द २००६ मध्ये आला. त्याच खेपेला झेड-ए हाही आत शिरला. तो म्हणजे ‘पिझ्झा’ या शब्दाचं उरलेलं शेपूट; बोलीत पिझ्झालाच तसं म्हणतात.

पहिल्यांदा मी क्यू-आय लावला तेव्हा समोरच्यानं विचारलं, “म्हणजे काय रे?” मी गप्प. शब्द पाठ होता, अर्थाच्या नावानं पाटी कोरी. नियमाप्रमाणे अर्थ सांगावा लागत नाही, शब्द सूचीत असला की झालं; त्यामुळे गुण मिळाले. पण लाज वाटली, आणि तेव्हापासून कोश उघडायची खोड लागली.

क्यू-ए-एन-ए-टी घ्या. कनात. मला आधी तंबूचीच कनात वाटली. ही निघाली इराणातली. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठायचं आणि तिथून अगदी किंचित उताराचा बोगदा गावाच्या दिशेनं न्यायचा. वाटेत ठिकठिकाणी उभे कूप, माती वर काढायला आणि आत हवा खेळायला. ना पंप, ना मोट. पाणी आपलं आपण उतारानं येतं. हे एकदा डोळ्यांपुढे आलं की शब्द विसरणं कठीण. गुण १४.

सी-डब्ल्यू-एम बघून तर कुणालाही छापताना चूक झाली असं वाटेल. स्वर कुठाय? आहे की! शब्द वेल्श भाषेतला, आणि तिथे डब्ल्यू हाच ‘ऊ’. उच्चार ‘कूम’. हिमनदीनं डोंगरात कोरलेली, वाटीसारखी दरी. एव्हरेस्टच्या वाटेवरचं वेस्टर्न कूम ते हेच. १९२१ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक मॅलरीनं ते नाव दिलं.

आणि झेड-ओ? याक आणि गाय यांचा संकर. हेच जनावर झेड-एच-ओ, डी-झेड-ओ, डी-एस-ओ असंही लिहिलेलं आंतरराष्ट्रीय सूचीत चालतं. स्पेलिंगला घाबरणाऱ्यांची सोय पाहून कुणीतरी पाळलेलं दिसतंय!

आता तुम्ही म्हणाल, अर्थावाचून काय अडतं? काहीच नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स २०१५ मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचे विश्वविजेते झाले, आणि त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यांच्यापुढे हात जोडतो. मला ते जमणार नाही. मला जनावर दिसल्याशिवाय त्याचं नाव लक्षात राहत नाही.

जाता जाता एक हिशोब. आपला लाख इंग्रजी कोशात आहे, कोटीही ‘क्रोर’ म्हणून आहे. एल-ए-के-एच : एक, एक, पाच, चार, झाले ११. क्रोरचे सगळे मिळून ७. मी दोनदा मोजून पाहिलं. स्क्रॅबलच्या पटावर लाख कोटीपेक्षा ४ गुणांनी मोठा आहे.

नमस्कार.