मेपलचे गुऱ्हाळ

मार्च लागला आहे, तरी अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातल्या या घराच्या परसात अजून गुडघाभर बर्फ आहे. रात्री पारा शून्याखाली उतरतो, दुपारी उन्हाने चार-पाच अंशांवर चढतो, आणि हा चढउतार सुरू झाला, की शुगर मेपलच्या खोडात हालचाल सुरू होते. रात्री गोठताना झाड मुळांवाटे पाणी वर ओढून घेते. दिवसा आतला बर्फ वितळला, की खोडात दाब वाढतो आणि रस वाट मिळेल तिथून बाहेर पडू लागतो.

ती वाट गिरमिटाने करून द्यायची. छिद्र ८ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ४ सेंटिमीटर खोल, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे; गेल्या वर्षीच्या छिद्राजवळचे लाकूड निकामी झालेले असते, म्हणून दरवर्षी नवी जागा शोधावी लागते. ज्या खोडाचा व्यास निदान २५ सेंटिमीटर नाही, त्याला या घरी हात लावत नाहीत. तोटी ठोकून बादली अडकवली, की रिकाम्या पत्र्यावर पहिला थेंब टणकन वाजतो. शेजारची मुले प्रत्येक झाडापाशी तेवढ्यासाठी थांबतात.

हा रस दिसायला पाणी आणि चवीलाही जवळजवळ पाणीच. त्यात साखर असते जेमतेम दोन टक्के. त्यामुळे एक लिटर पाकासाठी सुमारे ४० लिटर रस आटवावा लागतो, आणि एका छिद्रातून हंगामभर मिळतो तोही साधारण तेवढाच. बारा तोट्या म्हणजे बारा लिटर पाक, असा इथला सोपा हिशेब आहे.

उरलेले सगळे वाफ होऊन जाते, म्हणून चूल अंगणातच मांडायची. हौसेने स्वयंपाकघरात रस आटवायला बसलेल्यांच्या भिंतींवरचा कागद सुटून आल्याच्या कथा इथे घरोघरी ऐकायला मिळतात, आणि सांगणारा बहुधा स्वतःच्याच घराबद्दल बोलत असतो.

सिमेंटच्या ठोकळ्यांच्या चुलीवर पसरट, उथळ कढया चढल्या, की हे काम एकट्याचे राहत नाही. कोल्हापूरकडचे गुऱ्हाळ पाहिलेल्याला हे दृश्य ओळखीचे वाटेल: चुलवाणात चिपाडे सारणारा वेगळा आणि काहिलीवरून नजर न हलवणारा गुळव्या वेगळा. इथे चिपाडांच्या जागी सरपण आहे. आजोबा दर काही मिनिटांनी लाकूड सारतात, सून झाऱ्याने फेस काढते, मित्रमंडळी बादल्या वाहून आणतात, आणि कढईत नवा रस अगदी बारीक धारेने सोडला जातो, कारण गार रस एकदम ओतला तर उकळी बसते. फेस उतू जायला लागला, तर लोण्याचा लहानसा खडा टाकायचा. फेस क्षणात खाली बसतो. सकाळी पेटवलेली चूल रात्रीपर्यंत धगधगत राहते, आणि गप्पांना एवढा सलग वेळ वर्षात दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नसावा.

शेवटचा टप्पा मात्र घरात, गॅसवर. त्या दिवशी पाणी किती अंशांवर उकळते ते आधी मोजायचे, आणि पाक त्याहून सुमारे ४ अंश वर गेला, की आच बंद करायची. जुनी माणसे पळी उचलून पाहतात: थेंब सुटे न पडता एकमेकांत मिसळून पदरासारखे ओघळले, की पाक झाला. थोडा कच्चा राहिला तर तो आंबतो, जास्त आटला तर बरणीच्या तळाशी खडीसाखर धरते. तयार पाक गरम असतानाच जाड लोकरी कापडातून गाळतात आणि कापडावर बारीक वाळूसारखे क्षार उरतात. रंगाने तो आपल्या काकवीच्या जवळचा, चवीने वेगळा, थोडा धुरकट.

युरोपीय येण्याच्या आधीपासून उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी असलेले अबेनाकी आणि अनिशिनाबे लोक हा रस गोळा करून आटवत आले आहेत, आणि त्यांच्याकडेही हे काम कुटुंबकबिल्यासह मेपलच्या रानात मुक्कामाला जाऊन होत असे.

थोडा पाक आणखी आटवून मुलांसाठी बाजूला ठेवला आहे. स्वच्छ बर्फावर त्याची धार सोडली, की तो चिवट होतो आणि काटेचमच्यावर गुंडाळून खाता येतो. सोबत आंबट काकडीचे लोणचे असते. गोडाने तोंड मिटले, की त्याचा एक तुकडा खायचा आणि पुन्हा बर्फाकडे वळायचे.

झाडावरच्या कळ्या फुगू लागल्या, की रसाची चव बिघडते. त्या दिवशी तोट्या उपटल्या जातात, बादल्या धुऊन पालथ्या घातल्या जातात. छिद्र मात्र कोणी बुजवत नाही; झाड ते पुढच्या दोन-तीन वर्षांत स्वतःच भरून काढते.